डावा कान

केडगाव, २२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

हे पत्र उद्या कोकणात तुमच्या मुक्कामाला निघालेल्या छगनमामांच्या पिशवीत, मेंढरांच्या जंताच्या औषधाखाली ठेवते आहे. मामांना माहीत नाही. फोन का केला नाही, असं विचारशील. तू फोन स्पीकरवर ठेवून बोलतोस आणि मुक्कामावरचे सगळे ऐकतात. शिवाय माझा फोन हल्ली आणखी कुणी बघत नसेल, याचा मला भरवसा नाही. म्हणून कागद. वहिनीला वाचायला देऊ नकोस. तुझं वाचणं सावकाश आहे, पण हे सावकाशच वाचायचं आहे.

आधी घरचं सांगते. आईच्या गुडघ्याची सूज उतरली. तू मागे ठेवलेल्या मेंढ्यांपैकी चार व्यायल्या. एकीला जुळं झालं, त्यातलं एक जगलं. आबा त्यांना डांबरी रस्त्याच्या कडेने चारतात, ट्रकवाल्यांचे हॉर्न ऐकत. माळावर पाऊल टाकत नाहीत. काळू मात्र रोज सकाळी सवयीने शेपूट हलवत माळाच्या वाटेला लागतो, वनखात्याने खणलेल्या चरापाशी थांबतो आणि मागे वळून बघतो.

लांडग्यांवर काम करणाऱ्या आमच्या संस्थेत माझं बरं चाललं आहे, असं आईला सांगते. खरं म्हणजे अश्विनी मॅडमनी माझ्याकडून माळावरच्या कॅमेऱ्यांची कार्डं काढून घेतली. “थोडेच दिवस, आरती. तुझ्याच भल्यासाठी,” म्हणाल्या. चहा मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळा विचारतात. मी खोलीत शिरले की कुणी ना कुणी लॅपटॉपचं झाकण जरा खाली करतं. गावात गेले तर नळावरच्या बायका बोलता बोलता थांबतात. परवा चुलती माझ्यादेखत आईला म्हणाली, “तुझी पोर पगार कुनाचा खाती आन् पोट कुनाचं मारती, इचार की तिला.” आई हंडा उचलून चालू लागली. मी तिच्या मागून कळशी घेऊन निघाले.

माळ आपला नाही, वनखात्याचा आहे, हे आजोबांनाही ठाऊक होतं. पण त्यांच्या वेळी हे खुद्द खात्याला फारसं आठवत नव्हतं. नोव्हेंबरातली सभामंडपातली बैठक तुला आठवत असेल. मॅडम पडद्यावर गवताचे फोटो दाखवत होत्या, आणि चित्रं पुढे सरकवायचं काम माझ्याकडे होतं. पाच वर्षं चराई बंद, मग माळावर गवत पुन्हा कमरेइतकं होईल, काळवीट वाढतील, लांडगे टिकतील. आबा मागून उठले. “बाई, लांडगं मेंढरामागं ऱ्हातंय. मेंढरं हाकलली की त्ये काय गवत खाईल?” सगळे हसले. मॅडमही हसल्या. मी हसले नाही, कारण दोघांचंही मला पटत होतं. मॅडमनी दाखवलेली उघडी पडलेली जमीन खोटी नव्हती. ती मी स्वतः मोजली होती.

त्याच वर्षी आबांनी कोकणात न उतरायचं ठरवलं होतं. दम लागतो, घाट झेपत नाही म्हणाले. दिवाळी झाल्यावर गावातले बहुतेक कळप गेले, आपण आणि आणखी थोडी घरं राहिलो. तीन आठवड्यांनी पाटी लागली. माळ बंद, कोकणची वेळ गेलेली. तुम्ही चराच्या काठाकाठाने मेंढरं फिरवलीत, कधी चराच्या आतही. लांडगिणीचं बीळ तिथून जवळ होतं. दोन आठवड्यांत सात कोकरं गेली. पाचवं कोकरू खांद्यावर घेऊन तू वनखात्याच्या कचेरीत आलास. मी संस्थेच्या कामासाठी आत बसले होते. गार्ड म्हणाला, “राखीव जागंत मेलंय, पंचनामा कसला करू? उलट तुमच्यावरच केस बसंल, पावनं.” तू कोकरू पुन्हा खांद्यावर घेतलंस आणि गेलास. माझ्याकडे बघितलं नाहीस. मी खुर्चीवरून उठले नाही. हे मी विसरलेले नाही.

आता संक्रांतीचं. मी घरी आले होते. तू जेवताना अगदी सहज विचारलंस, बिळापाशी कॅमेरा लावलाय तो कुठं तोंड करून आहे. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी तू माझ्या कामाबद्दल काही विचारलं होतंस. मी ताटातच बोटाने काढून दाखवलं, हे बीळ, ही बाभळ, हे कॅमेऱ्याचं तोंड. तू भाकरी मोडून ते पुसून टाकलंस आणि खाल्लंस.

एकोणीस तारखेला तू पहाटे निघालास. चारातले तीन वाटे मेंढरं दोन टेम्पोंत घालून. दादा, आपण कधी टेम्पोने कोकणात गेलो आहोत? आईने घोड्यावर बिऱ्हाड बांधायला काढलेले दोर तसेच अंगणात पडले होते. मला वाटलं, उशीर झाला म्हणून घाई असेल. वीस तारखेला लांडगीण मेलेली सापडली. शेजारी विष घातलेलं, अर्धं खाल्लेलं कोकरू, बाभळीमागे, कॅमेऱ्याच्या पाठीशी. कॅमेऱ्यात माणूस नाही. लांडगीण समोरून येते आणि चौकटीबाहेर जाते, इतकंच. पुढचे तीन दिवस सकाळी दोन पिल्लं बिळाच्या तोंडाशी येऊन बसलेली दिसतात. चौथ्या दिवशीचा फोटो नाही. ती कार्डं मीच पाहिली. मग माझ्याकडून काढून घेतली. कोकरू ठेवणाऱ्याला कॅमेऱ्याचं तोंड माहीत होतं, हे मॅडमना कळायला वेळ लागला नाही.

लहानपणी तू मला एक खेळ शिकवला होतास. डोळे मिटून मेंढराचा कान चाचपायचा आणि कुणाचं ते सांगायचं. गावात बाकीच्यांच्या खुणा उजव्या कानाला, कुणाच्या दोन्ही. डाव्या कानाला दोन कात्रे, ते आपलं. मी चुकले की तू टपली मारायचास. एकदा असेच बसलो असताना लांडग्याने कळपातून कोकरू उचललं. तू गोफण उचललीस आणि आबांनी तुझा हात धरला. “जाऊ दे. त्याचंबी पोट हाय.” तू तेव्हा रडला होतास. मी तुला हसले होते.

लांडगीण सापडल्यावर दोन दिवसांनी, बावीस तारखेला, रेंजर साहेबांनी मागे राहिलेल्या सगळ्या मेंढपाळांना बोलावलं. मीही हजर होते. बर्फात ठेवलेलं कोकरू पोत्यावर मांडलं होतं. त्याला डावा कान नव्हता. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं, कान जनावराने खाल्ला. उजवा कान जागेवर, अख्खा. लांडगा पोटापासून खातो, कानापासून नाही, हे कुणीच बोललं नाही. एकेकाने कोकरू पाहिलं आणि मान हलवली, आमचं नाही. आबांची पाळी आली. ते खाली बसले. डोळे मिटून त्यांनी कान होता त्या जागेवरून अंगठा फिरवला. मी त्यांच्या मागेच उभी होते, मला ते दिसलं. सरळ, एका धारेने घेतलेला काप. आबांनी अंगठा धोतराला पुसला. मग म्हणाले, “माझं हाय. मीच ठिवलं हुतं.”

कान नसताना ओळखलं कसं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. सगळ्यांना घाई होती. बाहेरच्या माणसाने कोकरू तसंच ठेवलं असतं. कानात काय असतं हे त्याला ठाऊक नसतं. गावातल्या दुसऱ्या कुणी आपलं कोकरू चोरून ठेवलं असतं, तर त्याने कान मुद्दाम राहू दिला असता. कान फक्त एकच माणूस काढेल, आणि फक्त डावा.

मीच चुकत असेन, असं मी महिनाभर स्वतःला सांगते आहे. तू नसशील तर हे पत्र फाड, येऊन मला चार लोकांत शिव्या घाल, मी खाली मान घालून ऐकेन. पण आई एकदा बोलता बोलता बोलून गेली की तू जानेवारीत कांद्यावर फवारतात त्या औषधाची बाटली आणली होतीस. आपल्याला फवारायला वावर कुठं आहे? तिने ते बोलून लगेच विषय बदलला. तिलाही माहीत आहे, असं मला वाटतं. आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे एकमेकांच्या पाठीमागे ते बघत आहेत.

त्या दिवशी कचेरीतला कारकून रजेवर होता. रेंजर साहेब म्हणाले, “आरती, तूच लिही, तुझं अक्षर बरंय.” आबांचा जबाब मी लिहिला. मी सहादेव अमुक, वय त्रेसष्ट, धंदा मेंढपाळ. माझी कोकरं गेली म्हणून रागाच्या भरात. कोणतं विष, असं साहेबांनी विचारलं. आबा म्हणाले, “उंदराचं.” मी उंदराचं लिहिलं. माझा हात थांबला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. तपासणीचा अहवाल मागच्या आठवड्यात आला. त्यात फवारणीचं औषध निघालं. दोन्ही कागद एकाच फायलीत आहेत. साहेबांनी अजून ते शेजारी शेजारी ठेवलेले नाहीत. ठेवतील तेव्हा आधी मला बोलावतील.

आबांना जामीन मिळाला. दर सोमवारी हजेरी असते. चपला बाहेर काढून आत जातात आणि अंगठीचं बोट टेबलावर टेकवून सही करतात. मला त्यांनी एक शब्द विचारलेला नाही, मीही त्यांना विचारलेला नाही. जामीन झाला त्या दिवशी एसटीने परतताना अर्ध्या वाटेत फक्त तुझं विचारलं, “गहिनीचा फोन आल्ता का?” मी नाही म्हणाले. त्यांनी खिडकी लावून घेतली. पुढच्या तारखेला गुन्हा कबूल करणार आहेत. वकील म्हणतो, वय बघून कमी होईल, पण काही वर्षं तरी आत जावं लागेल. घाट न झेपणारा माणूस, दादा.

तुझा राग खोटा होता, असं मी म्हणत नाही. पाटी लावणाऱ्यांच्या बाजूला मी बसले होते आणि खुर्चीवरून उठले नव्हते. तुला कॅमेऱ्याचं तोंड मी दाखवलं. माझा जो वाटा आहे तो मी मॅडमना सांगणार आहे, नोकरी जाईल. पण आबांनी कुणाचंही काही खाल्लेलं नाही. लांडग्याचंसुद्धा नाही.

माझ्या अक्षरातला एक खोटा कागद सरकारी फायलीत आहे. माझ्याच अक्षरातला एक खरा असावा, म्हणून हे लिहिलं. याची नक्कल मी ठेवली आहे. अठरा मार्चला सकाळी अकरा वाजता आबांना नगरच्या कोर्टात उभं करतील. मी मागच्या बाकावर असेन, पिशवी मांडीवर, नक्कल पिशवीत. पुकारा होईपर्यंत मी दाराकडे बघेन, तू येशील म्हणून. आबाही दाराकडेच बघतील, तू येऊ नयेस म्हणून. पुकारा झाल्यावर मी पिशवी उघडेन.

डोळे मिटून ओळखायला तू जिला शिकवलंस ती,
तुझीच
आरती