पिठाची दौड आणि माझी तब्येत

६ जानेवारी, सोमवार. सकाळ

आजपासून पळणार. ठरलं म्हणजे ठरलं.

कारण लिहून ठेवतो. काल अंघोळीला गेलो होतो. न्हाणीघराचा झरोका स्वयंपाकघरात उघडतो. मुलगा सूनबाईला सांगत होता की आपल्या समुद्रापलीकडच्या घराचा भाडेकरू गेला, बंद ठेवलं तर वाळवी खाईल, कोणीतरी जाऊन राहायला हवं. सूनबाई म्हणाली, आणि बाळ आलं की इथे पाळणा कुठे बांधायचा, माझ्या डोक्यावर? मुलगा म्हणाला, म्हणूनच म्हणतो, आईबाबांपैकी एकाला पाठवू. बोटीने अर्ध्या दिवसाचा तर प्रवास.

दोघांपैकी एक. म्हणजे मी किंवा ही.

नळ तसाच वाहत राहिला. नंतर सूनबाईची बोलणी खाल्ली.

मी जन्मभर बस डेपोत स्टोअर सांभाळलं. तिथला नियम साधा होता. पळणारी गाडी रूटवर, न पळणारी मागच्या शेडमध्ये. शेडमधून परत रूटवर आलेली गाडी मी पाहिलेली नाही. घरातही हाच नियम असणार. मुलगा माझाच आहे.

पलीकडच्या घरात मी एकटा राहू शकत नाही. शेजारी बहिरे आहेत. माणूस बोलणार कोणाशी?

संध्याकाळ

पळालो. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. बूट चावतात. दुकानात वजन केलं आणि परत आलो. पहिल्या दिवसाला पुष्कळ झालं.

९ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस विश्रांती. स्नायूंना लागते.

हिच्याबद्दलही विचार केला पाहिजे. हिचे गुडघे. तशी ही ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर जाते, पण गुडघे आतून झिजतात, बाहेरून कळत नाही. इथली दमट हवा तिला बाधत असणार. पलीकडे हवा कोरडी आहे. तिथे तिला आराम पडेल. मी तिच्या भल्याचंच बघतो, पण तिला त्याची कदर नाही.

रात्री जेवताना मुलाच्या कानावर घातलं की आईचे गुडघे फार दुखतात. ही म्हणाली, कोणाचे? मी म्हणालो, तुझे. ही म्हणाली, मला कसं माहीत नाही मग? सहनशील बाई आहे. बोलून दाखवत नाही.

१२ जानेवारी, रविवार

पळणाऱ्यांचा एक क्लब सापडला. एकट्याने पळून उपयोग नाही, चार लोकांनी बघितलं तरच मुलाच्या कानावर जाईल.

क्लबची रीत वेडगळ आहे. एक माणूस आधी जाऊन रस्त्यावर, रानात, वाळूत मैद्याची चिमूट चिमूट टाकत जातो. बाकीचे ती पांढरी खूण शोधत पळतात. कुठे कुठे तो मुद्दाम खोटी वाटही टाकतो, म्हणजे लोक चुकतात, शिव्या देतात, परत फिरतात. याला मजा म्हणतात. दौड संपते तिथे बेकरीवाल्याचा टेम्पो बर्फाची पेटी घेऊन उभा असतो. जो पहिला पोचेल त्याने पुढच्या रविवारची वाट टाकायची.

क्लबचा म्होरक्या कॅप्टन म्हणवून घेतो. आहे मुळात दातांचा डॉक्टर. स्वतःला मात्र कवळी आहे. दुसरी एक नर्सबाई, तिला हसू आवरत नाही. मला म्हणाली, आजोबा, तुम्ही टेम्पोत बसता का? मी म्हणालो, बाई, माझी तब्येत तुम्हाला माहीत नाही.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, चांगला मैदा मातीत टाकतात? आणि तुम्ही तो हुंगत पळणार? जा बाई. मुंग्यांनाही सोबत होईल.

१९ जानेवारी, रविवार

पहिली दौड. टेकडीची चढण लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की या लोकांच्या डोक्यात मेंदू नाही. आमचं बेट गोल आहे. भोवताली एकच रस्ता आहे आणि त्यावर बस फिरते. दौड कुठूनही सुरू झाली तरी टेम्पोला उभं राहायला शेवटी रस्ताच लागणार. मग टेकडी कशाला चढायची?

बसमध्ये बसलो. उजवीकडची खिडकी धरली. टेम्पो दिसला तसा पुढच्या थांब्यावर उतरलो, बाटलीतलं पाणी डोक्यावर, पाठीवर ओतलं आणि टेम्पोपर्यंत पळत गेलो. हे अंतर मी खरंच पळालो. याची नोंद असावी.

पहिला आलो! बेकरीवाल्याची बायको टेम्पोत पेंगत होती, ती दचकली.

याला फसवणूक म्हणता येणार नाही. नियम असा आहे की खुणा शोधा आणि पोचा. टेम्पो ही सगळ्यांत मोठी खूण.

नर्सबाईने नाडी बघितली. म्हणाली, कमाल आहे आजोबा, झोपेतून उठल्यासारखी चालली आहे. कॅप्टन माझ्या बुटांकडे बघत होता. पुढच्या वेळी बुटांना आधी चिखल लावायचा. वाट टाकायचं काम पाठीला उसण भरल्याचं सांगून कॅप्टनवर ढकललं.

२१ जानेवारी, मंगळवार

मुलगा धक्क्यावरच्या तिकीट कचेरीत काम करतो. तिथे कोणीतरी त्याला म्हणालं, तुझे वडील भलतेच तयार आहेत. मुलगा घरी येऊन म्हणाला, बाबा, खरंच पळता का हो तुम्ही? मी नुसता हसलो. मोठी माणसं नुसती हसतात.

हिच्यासाठी काठी आणली. ही म्हणाली, कोणाला मारायची? मी समजावून सांगितलं की काठी हातात असली की आधार वाटतो, माणसं काळजी घेतात. हिने काठी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाली, तुम्हाला मी लंगडलेली हवी आहे का? मी म्हणालो, छे छे, भलतंच.

२६ जानेवारी, रविवार

पुन्हा पहिला. बसचा वाहक आता ओळखतो. आज मला म्हणाला, काका, अंघोळ बसमध्ये करू नका.

कॅप्टनने सगळ्यांसमोर जाहीर केलं की आजोबा दोनदा पहिले आले, आता येत्या रविवारी वाट तेच टाकणार, उसण असो नाहीतर काही असो. टाळ्या वाजल्या. नर्सबाईने जरा जास्तच वाजवल्या.

मोठी आनंदाची गोष्ट म्हणजे ही आज काठी घेऊन चालली. लंगडत. सूनबाईने लगेच पुढे होऊन हात धरला. ही म्हणाली, राहू दे गं, तुला जड अंगाने त्रास नको, मी बापडी भिंत धरून जाईन. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

उजवा पाय लंगडत होता. दुपारी डावा लंगडत होता. म्हणजे दुखणं पसरतं आहे. माझं निदान बरोबर होतं.

३० जानेवारी, गुरुवार

वाट कशी टाकायची याचा विचार चालू आहे. रानात साप असतात. वस्तीत कुत्री असतात. राहिला समुद्रकिनारा. सकाळी जाऊन बघितलं. पाणी पार आत गेलेलं, घट्ट ओली वाळू, वर मैदा कसा उठून दिसेल! सुळक्याला वळसा घालून, मधल्या खडकावरून थेट बोटीच्या धक्क्यावर. तिथे तिकीट खिडकीत मुलगा बसलेला असतो. सगळे धापा टाकत येतील आणि मी आधीच ताजातवाना उभा. मुलाने एकदा डोळ्यांनी बघितलं की शेडचा विषय संपला.

ही रोज सूनबाईचे पाय चेपून देते. उभं राहवत नाही म्हणून बसून. भाजीही बसून चिरते. मुलगा तिला गोळ्या आणून देतो. ती त्या खिडकीतून टाकते. खाली मी पाहिल्या. औषध न घेणाऱ्या बाईला इथे ठेवून काय उपयोग?

२ फेब्रुवारी, रविवार. दुपार

गडबड झाली आहे. माझा दोष नाही.

मी पहाटे वाट टाकली. उत्तम टाकली. एक खोटी वाटही टाकली, कोळ्यांच्या जाळ्यांकडे. मग बसने धक्क्यावर येऊन टेम्पोच्या सावलीत बसलो. दोन केळी खाल्ली.

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भरती अमावस्येला आणि पौर्णिमेला येते असं माझं ज्ञान. शाळेत तितकंच शिकवलं होतं, पुढे शाळाच सुटली. आज दोन्ही नव्हतं, म्हणून मी निर्धास्त.

बराच वेळ कोणी येईना. बेकरीवाल्याची बायको काळजीत. मी म्हणालो, बाई, माझी वाट अवघड असते.

मग एक मच्छीमार बोट आली. त्यात सगळा क्लब बसलेला. कंबरेपर्यंत नव्हे, टाळूपर्यंत भिजलेला. मधल्या खडकावर होते म्हणे, चहूबाजूंनी पाणी चढत होतं आणि समोरचा मैदा डोळ्यांदेखत वाहून जात होता. बेकरीवाल्याचा एक बूट गेला. नर्सबाई पहिल्यांदाच हसत नव्हती. कॅप्टन पुढे उभा राहून काहीतरी ओरडत होता. शब्द कळेनात. त्याची कवळी समुद्राने घेतली होती.

मी म्हणालो, या या, पहिला कोण?

हे म्हणायला नको होतं.

कॅप्टनने बोटीतलं वल्हं उचललं. मागून बेकरीवाला एका बुटावर. बसचा वाहक तेवढ्यात धक्क्यावर चहा पीत होता, तो मोठ्याने म्हणाला, अहो हे काका तर रोज माझ्या गाडीतून येतात! मग सगळेच उतरले.

मी पळालो. काय पळालो! धक्क्यावरून, तिकीट खिडकीसमोरून, मासळीबाजारातून, पाण्याच्या टाकीच्या चढावरून. मध्ये एक भिंत आली, ती ओलांडली. कशी ते आठवत नाही. चप्पल-बुटांचे आवाज मागे पडत गेले. कोणालाही मी सापडलो नाही.

आता माडांच्या मागे बसून छाती धरून हे लिहितो आहे. डोळ्यांपुढे काजवे. पण एक गोष्ट नक्की. मुलगा खिडकीत होता. त्याने बघितलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

मुलाने नुसतं बघितलं नाही, फोनवर व्हिडिओ काढला. रात्री सगळ्यांनी मिळून बघितला. भिंतीची उडी तीनदा लावली. मागून येणारा जमाव आणि वल्हं त्यांना दौडीचाच भाग वाटला. सूनबाई म्हणाली, बाई गं, हे तर आपल्या डॉक्टरांनाही जमणार नाही. मुलगा म्हणाला, बाबा, मला खरं सांगायचं तर शंका होती. माफ करा. मी उदार मनाने माफ केलं.

ही काठीवर हनुवटी टेकून बघत होती. म्हणाली, माझ्या मेलीच्या नशिबी असे पाय नाहीत.

जिंकलो. आज मस्त झोपणार.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मुलाने मला गच्चीवर नेलं. खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, बाबा, एक मोठी चिंता मिटली. कोणाला पलीकडे पाठवायचं या विचाराने मला झोप नव्हती. आईला असं लंगडत एकटं कसं सोडणार? आणि तुम्हाला पाठवायचं तर तुमचं वय. पण परवा डोळ्यांनी पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. तुम्ही कुठेही राहू शकता.

मी म्हणालो, अरे, माझे गुडघे दुखतात.

मुलगा म्हणाला, बाबा, पुरे आता. व्हिडिओ लावू का?

मी म्हणालो, मी बसने जात होतो. सगळं सांगितलं. बस, बाटली, चिखल. तो म्हणाला, आईला जागा मिळावी म्हणून तुम्ही स्वतःला खोटं पाडता? खाली जाऊन त्याने सूनबाईलाही सांगितलं. दोघांनी मला वाकून नमस्कार केला.

हिला एकटीला गाठून म्हणालो, तू तरी सांग, तुझा पाय बरा आहे. ही म्हणाली, कोणता, उजवा की डावा? मग म्हणाली, तुमच्या तोंडून इतकी वर्षं ऐकते आहे. पंखा फार फिरतो, चहा कमी गोड, शेजारी बोलत नाहीत, नळ गळतो. आता थोडे दिवस मला समुद्राचा आवाज ऐकू द्या.

९ फेब्रुवारी, रविवार

बोट. क्लबचं कोणीही निरोपाला आलं नाही, फक्त नर्सबाई आली. ती हिच्या शेजारी उभी होती. दोघींची ओळख कधी झाली, कळलं नाही. बोट सुटल्यावर ही हात हलवत धक्क्याच्या टोकापर्यंत आली. भरभर आली. काठी नर्सबाईच्या हातात होती.

मुलाला ओरडून दाखवलं. इंजिनाच्या आवाजात त्याला वाटलं मी रडतो आहे. तोच रडायला लागला.

२३ फेब्रुवारी, रविवार

परवापासून ताप. उठलं की खोली फिरते. शेजाऱ्यांचं दार वाजवलं. त्यांना ऐकू गेलं नाही.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, बरं झालं फोन केलात, आईचे पाय चमत्कारासारखे सुधारले, आज ती त्या पिठाच्या दौडीत चालत गेली होती, शेवटून दुसरी आली, कॅप्टनने नवी कवळी दाखवून टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, मला बरं नाही रे, ये. उभं राहवत नाही.

तो हसला. म्हणाला, बाबा, तुम्हाला? भिंतीवरून उडी मारणाऱ्या माणसाला? आठवण येते असं सरळ सांगा ना. सुट्टी मिळाली की मे महिन्यात येतो.

मी म्हणालो, हिला दे. हिने फोन घेतला. म्हणालो, अगं, खरंच ताप आहे. समुद्राचा आवाज येत होता. मग ही म्हणाली, काठी घ्या हो एखादी. हातात असली की माणसं काळजी घेतात.

आडवा पडून लिहितो आहे. अक्षर नीट येत नाही.