तापी गटाचे हसरे चेहरे

मुलींचे वसतिगृह, नंदुरबार
२४ ऑगस्ट २०२५

ती. चेतनाआत्यास,
स्वप्नालीचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे, रागाच्या भरात लिहितेय. रविवारचा फोन वॉर्डन मॅडमसमोर बसून करावा लागतो, म्हणून लिहायला घेतलं.

आमच्या जेवणघराच्या दारात ‘मनाचा फलक’ लावलाय. वर इंग्रजीत आणि मराठीत विचारलंय, आज तुला कसं वाटतंय? सकाळी प्रत्येकीने आपल्या नावापुढे कागदी चेहरा लावायचा, हसरा नाहीतर रडका. ऐकायला छान आहे ना? पण ज्या गटाचे सगळे चेहरे हसरे, त्याला गुण! महिनाअखेरीला पहिल्या गटाला ढाल. आजीच्या दहाव्याहून आले तेव्हापासून मी रडका लावते, कारण मला रडू येतं. त्यामुळे आमचा तापी गट शेवटी गेला आणि मुलींनी माझ्याशी बोलणं टाकलं.

समुपदेशक मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, की निदान गटासाठी तरी हसरा लाव. मी म्हटलं, मग विचारता कशाला? झालं, मी उद्धट ठरले. सुधारणा झाली नाही तर मला घरी पाठवू, असं त्यांनी पप्पांना कळवलंय. पप्पा फोनवर म्हणतात, लाव ना हसरा, तुझं काय जातं?

मला शाळा सोडायची नाही, आत्या. इथली प्रयोगशाळा मला फार आवडते. मला फक्त आजीसाठी रडायचंय. पप्पा तुझं ऐकतात, तू सांग त्यांना.

माया आहेच तुझी, या वेळी जरा जास्त लागेल.
तुझी स्वप्नाली

खांडबारा
१ सप्टेंबर २०२५

ती. योगेंद्रदादास,
चेतनाचा सा. न. वि. वि.

फोनवर तू हो हो म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून कागदावर भांडते आहे. हे वहिनीच्या हातात दे, ती मोठ्याने वाचेल.

आपली आई गेली तेव्हा दारावर आलेली एकेक बाई माझ्या गळ्यात पडून रडली. अख्ख्या कोरीट गावात कोणी म्हटलं नाही, की पुरे आता, हसून दाखव. आईचं तर ठरलेलंच होतं. कोणी डोळे पुसत आलं की म्हणायची, “रडी ले माय, मंग जेवाले बस.” स्वप्नाली तिच्या कुशीत वाढलेली पोर आहे. तिने रडायचं नाही तर कोणी रडायचं?

त्या शाळेच्या माहितीपत्रकावर ‘आम्ही मुलांचं मन जपतो’ असं दोन भाषांत छापलंय. दोन्ही भाषांत खोटं! पोरीला आधी विचारायचं, मग खरं सांगितलं म्हणून शिक्षा करायची. आणि तू पालक समितीत, कडक इस्त्रीचा सदरा घालून नंदीबैलासारखी मान डोलावून येतोस. माझ्या जिल्हा परिषदेच्या शाळेत असलं काही नाही, पण रडणाऱ्या पोराला मी मांडीवर तरी घेते.

रागावू नकोस, पण तूही रडला नाहीस, दादा. तोंडाला टॉवेल लावून बसलास आणि लोक उठताच पपईच्या वावरात निघून गेलास. निदान पोरीला तरी रडू दे.

लहान बहीण आहे, भांडायचा हक्क सोडणार नाही. लोभही सोडू नकोस.
चेतना

कोरीट
८ सप्टेंबर २०२५

चि. चेतनास,
अ. उ. आ.

तू फोन उचलेनास, म्हणून मलाही कागद घ्यावा लागला. तुझ्या वहिनीने तुझं पत्र ऐन जेवणात वाचलं. नंदीबैलाचं तर दोनदा वाचलं.

तुला बोलायला काय जातं? उद्या शाळेने काढलं तर सत्र मधेच टाकून पोरीला कुठे घालू? तिला पुढे शिकायचंय. माझ्या रडण्याचं म्हणशील, तर मी बसलो असतो रडत तर आल्यागेल्याचं कोणी पाहिलं असतं? एक कागदाचा तुकडा चिकटवायचा, त्याचं एवढं महाभारत करू नका दोघी.

शनिवारी पालकसभा आहे. मॅडमची माफी मागतो, पोरीलाही मागायला लावतो. तू यात पडू नकोस. दाजींना नमस्कार. राग उतरला की फोन उचल.

तुझा दादा

मुलींचे वसतिगृह, नंदुरबार
१५ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पप्पा आले होते. माझा हात घट्ट धरून मला माफी मागायला नेत होते. मी रागाने त्यांच्याकडे बघतही नव्हते.

दारातच पाहुण्यांसाठी वेगळा फलक मांडला होता. पालकांचे चेहरेही गटाच्या गुणांत धरायचे होते. समुपदेशक मॅडमनी हसून पप्पांच्या हातात हसरा चेहरा दिला आणि तापी गटाला आज तुम्हीच वर काढा म्हणाल्या. पप्पांनी तो घेतला, पण लावेनात. मागे पालकांची रांग लागली. मग त्यांनी तो खाली ठेवला, रडका उचलून लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “मन्ही माय मरी गई, मी कसाले हासू?” आणि रडले, आत्या! तोंडाला टॉवेलही लावला नाही. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं.

मॅडमनी पाणी दिलं. पाणी पिऊन होतंय तोच त्यांनी विचारलं, की आता मोकळं वाटतंय ना, मग चेहरा बदलू या का? माझं डोकंच फिरलं. पण पप्पा माझ्याआधी बोलले. माफी मागायला आलो होतो, ती आता तुम्ही माझ्या पोरीची मागा, म्हणाले. तिला घरी पाठवायचं असेल तर तसं लिहून द्या, मी समितीच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवतो, असंही म्हणाले. मॅडम रांगेतल्या पुढच्या पालकांकडे वळल्या. माफी अजून आलेली नाही. घरी पाठवायचं नावही कोणी काढत नाही.

नंतर आम्ही पायऱ्यांवर बसलो. आईने भाकरी आणि ठेचा दिला होता. डबा तसाच मांडीवर ठेवून पप्पा मला म्हणाले, “रडी ले पोरी, मंग जेवू.” अगदी आजीसारखं. आम्ही दोघंही रडलो आणि मग जेवलो.

आमचा गट अजून शेवटीच आहे. आज सकाळी तापी गटात तीन रडके चेहरे होते, त्यात माझा एकच. मॅडमनी तातडीने गटाची बैठक बोलावली आहे. मी निघालेच आहे. मला परत कसं वाटतंय विचारलं, तर या वेळी नीट सांगणार आहे.

राग अजून भरपूर शिल्लक आहे. तुझा लोभही असाच भरपूर राहू दे.
तुझी स्वप्नाली