घर सोडून जाणाऱ्या कन्येस

मी, खाली सही करणारा, नौदलातून निवृत्त झालेला वैमानिक, वय वर्षे ब्याऐंशी, हे मृत्युपत्र पलंगावर बसून, मांडीवर पाट घेऊन, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. बुद्धी जागेवर आहे. पायांबद्दल तसे म्हणवत नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून कोणी हे लिहून घेतलेले नाही. श्वास किती उरले हे ज्याने दिले त्यालाच ठाऊक. म्हणून शुद्ध आहे तोवर निरवानिरव करून ठेवतो. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे, एक रागाच्या भरात व दुसरे तापात केलेले, आजपासून रद्द समजावीत.

कलम १. देह हे जीवाने काही काळ वापरावयाचे वाहन होय, असे शास्त्रांचे मत आहे. वाहनांतच आयुष्य गेल्यामुळे मला ते पटते. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयास द्यावा. जळत्या विमानातून आसनासकट बाहेर फेकला गेलो तेव्हा पाठीचे मणके एकमेकांत कसे बसले, हे विद्यार्थ्यांनी पाहण्यासारखे आहे. कोणी भावुक होऊन मला समुद्रात सोडू नये. समुद्रात न पडण्यासाठीच मी सारी नोकरी केली; मेल्यावर ती मेहनत वाया घालवू नये.

कलम २. माझी पत्नी माझ्या आधी गेली, त्यामुळे तिच्यासाठी तरतूद करण्याचे भाग्य मला नाही. जी काही तरतूद झाली ती तिनेच माझ्यासाठी केली. मी महिनोन्महिने जहाजावर असे. मुलांच्या शाळा, आजारपणे, गळके नळ आणि माझ्या मृत्यूच्या दोन खोट्या वार्ता तिने एकटीने निभावल्या. आकाशात घरघर झाली की मुले ताटावरून उठून गच्चीकडे धावत. ती म्हणे, "बसा खाली. तो तुमचा बाबा नव्हे. बाबा असता तर आधी पत्र पाठवून आंघोळीचं पाणी तापवायला सांगितलं असतं." तिच्या बांगड्यांपैकी एक जोड सुनेस व एक कन्येस द्यावा. कोणता कोणास, हे त्या दोघींनी ठरवावे व मला त्यातून वगळावे.

कलम ३. माझा मुलगा दूर देशी पूल बांधतो. माझ्या शिलकीतील अर्धा भाग व हत्यारांची पेटी त्याची. त्याने हातोडी धरली की खिळा वाकतो, तरी पेटी त्यालाच द्यावी. पूल बांधणाऱ्याला निदान एक स्टूल दुरुस्त करता यावे, ही बापाची इच्छा आहे. परवा फोनवर तो म्हणाला, "बाबा, काय हवं ते सांगा, लगेच पाठवतो." मी म्हटले, "तू ये." तो म्हणाला, "बाबा, ते सोडून." मुलगा खोटे बोलत नाही, हे येथे त्याच्या बाजूने नमूद करतो.

कलम ४. समोरच्या कंत्राटदाराने आपल्या इमारतीवर दोन मजले चढवून माझ्या खिडकीतील आकाश खाऊन टाकले. पूर्वी मला पलंगावरून ढगांची जात ओळखता येत असे. आता त्याच्या पाण्याच्या टाक्या ओळखता येतात. क्षमा हे मोठे तप आहे असे मी जन्मभर वाचत आलो, म्हणून त्याला क्षमा केली आहे. तथापि तो समाचारास आल्यास त्याला खिडकीकडे तोंड करून बसवावे.

कलम ५. माझे ग्रंथ खालच्या मजल्यावरील घड्याळजींस द्यावेत. वाद घालण्यासाठी का होईना, ते वाचतील. पोथीला तेलकट हात लावू नयेत, एवढीच अट.

कलम ६. आता घर. तिसरा मजला, अरुंद जिना, लिफ्ट नाही. गेली कित्येक वर्षे मी या खोलीबाहेर पडलो तो खुर्चीत, दोघांनी उचलून, तेही दवाखान्यापुरता. पलंगाला दोन्ही बाजूंस लोखंडी कठडे आहेत, उशाशी घंटी आहे. एका आसनाच्या विमानात पट्टे आवळून बसण्याची सवय असल्यामुळे मी हे सोसतो. त्या पट्ट्यांना एक कडी असे. ओढली की माणूस मोकळा. या पलंगाला ती कोठे बसवली आहे, ते मला अद्याप सापडलेले नाही.

परंतु हे कलम माझ्यासाठी नाही. माझी कन्या, जिला लहानपणापासून घरात सर्वजण 'कप्तान' म्हणतात, समुद्रतळाची खोली मोजून नकाशे काढणारी आहे. हे काम जहाजावर राहून करावयाचे असते. ती ते स्वयंपाकघराच्या टेबलावर, इतरांनी मोजून आणलेल्या आकड्यांवरून करते. मी घंटी वाजवली की पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज येतो. तो ऐकू नये म्हणून मी पुष्कळदा तहानलेला राहतो. मग ती त्याबद्दल रागावते. मोजणीच्या जहाजावर तिला बोलावणे आले आहे. वयाच्या अटीमुळे पुढच्या वर्षी ते येणार नाही. उत्तर सोमवारी द्यावयाचे आहे. ती नकार कळविणार असल्याचे तिने मला चहा देताना सांगितले, जणू साखर संपली आहे.

सबब, माझ्या मृत्यूसमयी कन्या या घरात राहत असल्यास तिला घर व उरलेली शिल्लक यांतील काहीही मिळू नये, सर्व मुलास जावे. ती जहाजावर रुजू झालेली असल्यास दोन्ही तिचे.

हा मसुदा तपासताना वकीलबाई चष्मा काढून म्हणाल्या, "काका, सेवा करणाऱ्याचं कापून सोडून जाणाऱ्याला देणारं कलम मी पहिल्यांदाच बघतेय."

मी म्हणालो, "सोडून जाणारी असती तर कलम कशाला लागलं असतं?"

कलम ६ बाबत खुलासा. उड्डाणाचा बेत ज्यांच्या जिवाशी निगडित आहे त्या सर्वांस तो आधी मोठ्याने ऐकवावा, अशी आमच्या तुकडीची रीत. मृत्युपत्रास ती लागू नाही, असे वकीलबाईंनी बजावले होते. तरी मी काल सायंकाळी कन्येस समोर बसवून वरील सर्व वाचले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"झालं वाचून? मग मला काही नको. दादाला द्या सगळं."

"अगं, घर जाईल."

"जाऊ दे की. मी काय घरासाठी बसलेय इथे?"

"मग कशासाठी?"

"हे तुम्ही विचारताय? नौसैनिकांच्या निवासगृहात जागा आहे म्हटलं की तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपता. नर्स ठेवली तर तिला संस्कृतातून रागावता, ती रडत जाते. तुम्ही इथून हलणार नाही आणि मी तुम्हाला टाकून जाणार नाही. आता काय कलम घालायचं ते घाला, बाबा."

एवढे बोलून ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली व दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांवरून जोराने हलवू लागली.

ही खूण तिला मीच शिकवली. विमान जहाजावर उतरत असताना डेकच्या कडेला एक अधिकारी उभा असतो. विमान चुकीचे येत आहे असे त्याला दिसले की तो परत फिरण्याची खूण करतो. वैमानिकाने त्या क्षणी उतरणे सोडून, इंजिनाचा सारा जोर लावून वर जावयाचे व वळसा घेऊन पुन्हा यावयाचे. का, कशासाठी, हे विचारावयाचे नाही. तेथे हुद्दा चालत नाही. आपण बरोबर येत आहोत असे आतून प्रत्येकालाच वाटत असते. सर्व नोकरीत मी ती खूण एकदाही मोडली नाही.

रात्रभर जप केला, पण मन त्या हातांपाशीच होते. शास्त्रकार जीवांचे वर्ग करतात: बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध. मी स्वतःस तिसऱ्या वर्गात धरीत आलो. रोज पहाटे अपरिग्रहाचे पाठ म्हणणारा हा साधक एक खोली, एक घंटी व एक मुलगी घट्ट धरून बसला होता, आणि मुलगी सुटावी म्हणून कागदावर मुलीलाच दंड करीत होता. दाराची कडी माझ्या बाजूने होती.

सबब कलम ६ मधील अट रद्द.

कलम ७. घर व उरलेली शिल्लक कन्येस, विनाअट. तिने घर विकावे, भाड्याने द्यावे किंवा कुलूप लावून विसरून जावे. मी निवृत्त नौसैनिकांच्या निवासगृहात राहावयास जात आहे. तेथे एका दालनात आठ पलंग आहेत व खिडकीजवळचा रिकामा नाही. माझ्या तुकडीतील जुना वैमानिक, ज्याला आम्ही 'मिशी' म्हणत असू, तेथे आधीपासून आहे. मला उतरावयास त्याने शिकवले, असे तो सर्वांस सांगत असतो. माझ्या नकारामागे त्याचाही थोडा हात होता. तेथील पलंगांनाही कठडे आहेत. म्हणजे कैद सुटत नाही, कोठडी बदलते. परंतु तेथील पहारेकरी पगारी आहेत आणि संध्याकाळी आपापल्या घरी जातात.

कलम ८. मी स्वतःस ओळखतो. थोड्याच दिवसांत मी घरी नेण्याचा हट्ट धरीन, रडेन, आजारी पडेन, कन्येच्या जहाजावर निरोप धाडीन. असे कोणतेही तोंडी अथवा लेखी म्हणणे माझी इच्छा समजू नये. ते ऐकण्याचा मोह तिला झाल्यास तिने हे कलम वाचावे. माझी इच्छा आज, शुद्धीवर असताना, येथे लिहिली आहे, तीच खरी.

कन्येस हे आज दुपारी वाचून दाखविले. तिने हात हलविले नाहीत. ते कठड्यावर ठेवले. मग म्हणाली, "रविवारी गाडी सांगते. जिन्यात घड्याळजींवर ओरडू नका, त्यांची कंबर दुखते." आणि आत गेली. पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज नंतर आला नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो माझा आहे, आणि मला तो जड जात आहे, या तिन्ही गोष्टी खऱ्या असल्याबद्दल सही करतो.

(सही) लिहून देणार, निवृत्त नौदल वैमानिक

साक्षीदार पहिले: (सही) डॉक्टर. रुग्णाची बुद्धी शाबूत असल्याची खात्री केली. खात्री करताना रुग्णाने माझी परीक्षा घेतली.

साक्षीदार दुसरे: (सही) घड्याळजी, खालचा मजला. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. खुर्चीची पुढची बाजू मी धरणार आहे.

दिनांक: शुक्रवार, बारा तारीख

स्थळ: राहते घर, रविवारपर्यंत