बांधाखालच्या पाण्याचा पेला

१० सप्टेंबर, मंगळवार

बांध पाझरतोय. पाटबंधारे खात्याच्या इंजिनीयर बाईंनी आज दुपारी जागेवर येऊन दुजोरा दिला. पायथ्याशी, आमच्या मागच्या कुंपणाला लागून, खाटेएवढी जागा ओली आहे. बाकीचं गवत पिवळं आणि तेवढंच हिरवंगार. महिनाभर मी हेच सांगत होते. तेव्हा घरात कोणी हो म्हटलं नाही. आता कोणाला नाही म्हणता येत नाही.

पेपरात इतकी वर्षं काढली की रोजनिशीसुद्धा बातमीसारखी सुरू होते. असो. मागचं थोडक्यात:

तलाव क्लबाचा आहे, नौका फिरवायला केलेला. सासऱ्यांनी मित्र जमवून मातीचा बांध घातला, क्लब काढला आणि एक नियम करून ठेवला – सभासद गेला की बांधावर त्याच्या नावाचं झाड लावायचं. पहिलं झाड त्यांचंच लागलं. आता तिथे राई झाली आहे. लोक म्हणतात, काय सावली आहे! इंजिनीयर बाई वर चढल्या आणि बघतच राहिल्या. मातीच्या बांधावर झाडं? कोणाची कल्पना?

"ज्यांची कल्पना, ते उत्तर द्यायला येणार नाहीत," भाऊजी म्हणाले.

भाऊजी म्हणजे थोरले दीर, क्लबाचे सचिव. लग्न केलं नाही, क्लबाशीच संसार मांडला.

बाईंनी शांतपणे समजावलं. मुळं बांधात शिरतात, जुनी मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. पाणी त्या नळ्या शोधतं. तलाव आधी निम्म्यावर आणा, मग झाडं मुळासकट काढून माती ठोकून भरा. भाऊजी म्हणाले, रविवारी वार्षिक शर्यत आहे, पाणी उतरवलं तर नौका चिखलात बसतील. आणि ओल कसली, आई रोज सकाळी वडिलांच्या झाडाला झारीने पाणी घालते, तेच खाली उतरतं.

शेवटी असं ठरलं: आईंनी पाणी घालायचं थांबवायचं. तरी शनिवारपर्यंत ओल राहिली तर तलाव उतरवायचा. खात्याचा लेखी आदेश निघायला वेळ लागणार, तोवर तलावाचं पाणी सोडायच्या झडपेची किल्ली सचिवांकडेच. जाताना बाईंनी मला बाजूला घेतलं. पाझर स्वच्छ आहे तोवर नुसतं लक्ष ठेवा. गढूळ झाला तर बांधाची माती वाहून येतेय असं समजा आणि त्या क्षणी फोन करा.

बांध गेला तर पहिलं घर आमचं. मग आमच्या ओळीतली सगळी.

११ सप्टेंबर

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. सकाळी एकदाच बोलल्या, तेवढं पुरे झालं. "ह्यांचं झाड तुला पहिल्यापासून खुपतंय." 

झारी मागच्या दाराशी उपडी घातली आहे. ती झारी म्हणजे त्यांचा जीव. गेल्या वर्षी मनगट मोडल्यापासून चहाचा कपही दोन्ही हातांनी धरतात, पण झारीला कोणाला हात लावू देत नाहीत. रोज उजाडलं की ती घेऊन बांधावर जायच्या आणि चांगला तासभर झाडाखाली बसून यायच्या. आज खिडकीत बसून होत्या, बांधाकडे पाठ करून.

संपादकांनी बातमी माझ्याकडून काढून घेतली. ज्या घरात राहतेस त्या घराची बातमी तू करायची नाही, म्हणाले. बरोबरच आहे. घरात मात्र सगळ्यांना वाटतं, मी बातमीसाठीच बांध पाझरवतेय.

१२ सप्टेंबर

ओल आहे तेवढीच. आज मी एक काम केलं. ओल्या जागेत उताराच्या टोकाला छोटा खड्डा केला, त्यात साठलेलं पाणी काचेच्या पेल्यात भरलं आणि नाश्त्याच्या टेबलावर भाऊजींच्या बशीशेजारी ठेवलं. स्वच्छ होतं. तळाला काही नाही. म्हटलं, रोज ठेवणार आहे. रंग तुम्हीच बघत जा.

त्यांनी पेला उचलला, उजेडात धरला आणि पिऊन टाकला. सगळा!

"गोड आहे," म्हणाले. "आईच्या झारीतलंच."

नवरा हसला. मला राग भाऊजींच्या पिण्याचा नाही आला, ह्याच्या हसण्याचा आला.

१३ सप्टेंबर

ओल तेवढीच. पेला स्वच्छ. आज भाऊजींनी तो माझ्याकडे सरकवला – "आज तू घे. बातमी घशाखाली उतरेल."

मी घेतला नाही. दिवसभर टेबलावर तसाच होता. सगळे त्याला वळसा घालून जेवले.

१४ सप्टेंबर, शनिवार

ओल गेली.

सकाळी पेला घेऊन गेले तर खड्डाच नाही. खाटेएवढी जागा कोरडी, सपाट, तांबूस. भाऊजी माझ्या मागोमाग आलेच, जणू वाटच बघत होते. मग घरात आल्यावर जाहीर केलं की आईने पाणी थांबवलं आणि ओल आटली, संपला विषय, रविवारी शर्यत. क्लबाच्या दोघातिघांना तिथूनच फोन लावले. एकाला तर म्हणाले, आमच्या पत्रकारबाईंना आता दुसरी बातमी शोधायला लागेल.

मला वाटलं होतं सासूबाई जिंकल्यासारख्या बघतील. तशा बघितल्या नाहीत. "थांबवलं म्हणून आटली?" एवढंच विचारलं, तेही भाऊजींना. ते म्हणाले, मग काय तर. त्या उठून आत गेल्या.

दुपारी नवऱ्याचे बूट दिसले. तांबड्या मुरमाने भरलेले, टाचेपर्यंत. क्लबाच्या रस्त्याच्या कामाचा मुरूम तिथे पलीकडेच पडलेला आहे. मी बूट उचलून त्याच्यापुढे ठेवले.

दादा म्हणाला म्हणून टाकला, असं सांगायला लागला. दोघांनी मिळून, कालच, मी ऑफिसात होते तेव्हा. दादाचं म्हणणं, वरून दाबलं की पाझर बसतो. आणि मग खरं काय ते बोलला – "रोज सकाळी तो पेला समोर असतो. मला माझ्या घरात सुखाने दोन घास खाऊ देत."

म्हटलं, तुझं घर बांधाच्या खाली आहे.

तो म्हणाला, तू इथे आल्यापासून हे घर कशाच्या ना कशाच्या खालीच आहे.

इंजिनीयर बाईंना फोन केला. त्या चिडल्या, पण माझ्यावर नाही. मुरूम टाकून पाणी थांबत नाही, दुसरी वाट काढतं. उद्या सकाळी पुन्हा बघा, आणि खालच्या अंगाला बघा.

 संध्याकाळी ह्याने बूट धुऊन वाळत टाकले आहेत – पुरावा नष्ट करायची ही पद्धत असेल तर हा कधीच गुन्हेगार होणार नाही.

१५ सप्टेंबर, रविवार, सकाळ

पाणी आमच्या अंगणात निघालं. कुंपणाच्या अलीकडे, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. बोटभर धार आहे आणि दूध घातलेल्या चहासारखी गढूळ.

पेला भरला, टेबलावर ठेवला. भाऊजी क्लबाची टोपी घालून बसले होते, बांधावरून ध्वनिक्षेपकाचं 'हॅलो, हॅलो' चालू होतं. त्यांनी पेल्याकडे पाहिलं. प्यायले नाहीत.

"अंगणातलं पाणी आहे, अंगणाचीच माती असणार."

मी म्हटलं, मग प्या.

"आईने पाणी थांबवलं, ओल आटली. सगळ्यांसमोर ठरलं होतं, सगळ्यांसमोर निकाल लागला." किल्ली मागितली तर खिशावर हात ठेवून उठले. नवऱ्याने बशीतून मान वर केली नाही. सासूबाई मात्र पेल्याकडे बघत होत्या. त्यात गाळ हळूहळू खाली बसत होता.

इंजिनीयर बाई निघाल्या आहेत. त्यांच्याकडे अधिकार आहे, पण किल्ली नाही. कुलूप तोडायला माणूस शोधताहेत. मी ओळीतली घरं उठवायला चालले आहे. दोघा शेजाऱ्यांनी आत्ताच फोनवर सांगितलं की शर्यत बघायला जायचंय.

१५ सप्टेंबर, दुपार

सासूबाई झारी घेऊन बांधावर गेल्या. आधाराशिवाय. शर्यतीला जमलेल्या सगळ्यांसमोर, सासऱ्यांच्या झाडाशी, भाऊजींच्या पुढ्यात झारी उलटी धरली.

"मनगट मोडल्यापासून रिकामीच आणते, वर्षभर झाडाला पाणी नाही. भरलेली उचलत नाही मला. सांगितलं असतं तर इथे चढूच दिलं नसतंत."

भाऊजींनी टोपी काढली, मग किल्ली.

झडप उघडली आहे. नौका काठावर ओढताहेत. आमची अख्खी ओळ आज शाळेत मुक्कामाला. बाईंच्या अंदाजाने उद्या संध्याकाळपर्यंत तलाव निम्म्यावर येईल, तोवर बांध टिकेल असं त्या म्हणतात, पण लिहून देत नाहीत. मग झाडं निघतील. पहिलं सासऱ्यांचं, असं सासूबाईंनी सांगून ठेवलंय. मला नाही, बाईंना.