पत्रकारांच्या पिंजऱ्यातून

लाडक्या आईस,

टीव्हीवर पाहिलंच असशील, म्हणून आधी हे सांगतो: मी धडधाकट आहे. भुवईवर सात टाके पडलेत, पण डोळा वाचला.

राजधानीतल्या यच्चयावत पुढाऱ्यांना शिव्या घालत निवडणुकीला उभा राहिलेला तो हॅलोरन, त्याची इथे एरी शहरात सभा होती. आम्हा कॅमेरावाल्यांना नेहमीसारखं लोखंडी कठड्यांच्या पिंजऱ्यात कोंडलं होतं. हॅलोरनने आमच्याकडे बोट केलं. "तुमचे कारखाने बंद पडले, तेव्हा हे कुठे मेले होते?" पाच हजार माणसं गर्रकन वळली. कठडे कोसळले. आमच्या वार्ताहर इंग्रिडला केसांना धरून फरफटवलं. तिला सोडवायला धावलो, तर एक स्टीलचा थर्मास माझ्या तोंडावर आदळला.

रक्त पुसतोय, तोवर न्यूयॉर्कहून संपादकीणबाईंचा फोन. "ही माणसं एवढी चिडलीत तरी कशावर?" आठ वर्षं मी कानीकपाळी ओरडतोय, आमच्या गावच्या बंद पडलेल्या कारखान्यावर बातमी करू या! दरवेळी म्हणायच्या, "बघणार कोण ते?"

बाबा मासे धरायला गेलेत म्हणाली होतीस. परत आले का? उजवा खांदा दुखत असेल त्यांचा, शेकून दे.

थर्मास माझ्याकडेच आहे. कारखान्याने शेवटच्या दिवशी वाटलेला, बुडाशी बाबांचं नाव कोरलेला. पोलिसांना म्हटलं, काही सापडलं नाही.

बाबांना एवढंच विचार, कॅमेऱ्यामागे मी होतो, हे त्यांना दिसलं होतं का?

तुझाच,
वेंडेल