कॅलेंडरवरचा हात

माय, आज पुन्हा एका कार्यशाळेत शिकवून आले, बाईची गोष्ट घेण्याआधी तिची संमती घ्यायची. बोलायला काय जातं! मुली माना डोलावत वहीत उतरवून घेत होत्या, आणि तू मागच्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होतीस.

बायांच्या हातांची चित्रं काढणं, त्यांच्या कामाचं, सोसण्याचं लिहिणं, यावरच माझं पोट आहे. पण कुणाचाही हात काढायला घेतला की तुझाच उतरतो. मनगटावर गोंदलेला विंचू, त्याचा एक पाय अर्धाच, कारण लहानपणी गोंदताना तू हात ओढून घेतला होतास. खोडते, तर पुन्हा येतो. मला भीती वाटते माय, खरंच.

दिघोरीच्या घरी चुलीपुढे बसून तू सांगितलंस, धानाच्या रोवण्यात, रोपं लावताना, शेताच्या मालकानं बांधीतच तुझा हात धरला आणि तू त्याच्या तोंडावर चिखल फेकलास. मी टेप सुरू ठेवली होती. मग फार हुशारी केली. तुझं नाव बदललं, गाव बदललं, हात मात्र होता तसाच काढला. मी काम करायचे त्या संस्थेनं त्या चित्राचं कॅलेंडर केलं, खाली ती गोष्ट छापली, आणि ते आपल्याच गावच्या अंगणवाडीत लागलं. शेजारची काकू ते बघून धावतच आपल्या दारी आली, "अवो, हा तं तुहाच हात होय!"

त्या वर्षी तुला रोवण्याला कोणी बोलावलं नाही. तुला नेलं तर मालक साऱ्या बायांचं काम बंद करेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गावात सगळ्यांत झपझप रोवणारी तू, दारात बसून बाकीच्या बायांना जाताना बघत राहिलीस. मी सुट्टीवर आले तेव्हा तुझ्या मनगटावर चिंधी बांधलेली. "तुनं चांगल्यासाठीच केलं असशीन," एवढंच बोललीस आणि भात वाढलास. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली. विचारणाऱ्यांना मी सांगत आले, नवखी होते, गोंदणाकडे लक्षच गेलं नाही. हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून इथे लिहिते. ती टेप माझ्याजवळ आहे. गोष्ट संपल्यावर तू म्हणतेस, "हे लिहू नोको बाई, मले अथीच, याच गावात राहाचं हाये." आणि त्यावर लगेच माझा आवाज येतो, "नाही लिहत ना, माय."