जळलेला ॲमीटर

प्रिय छोटे,

ताईला आज अचानक कसा पाझर फुटला, असं म्हणशील. तुझं बाळ आता धरून उभं राहतं, हे ऐकून फार बरं वाटलं. मामा-मावश्यांपैकी कुणावर गेलंय, याचा निकाल मी आल्यावरच लावूया.

इकडची बातमी म्हणजे मी प्रयोगशाळेतला ॲमीटर जाळला. हो, मीच. वर्षातला सगळ्यात सोपा प्रयोग. व्होल्टेज थोडं थोडं वाढवायचं, तारेतून किती प्रवाह वाहतो ते बघायचं, आणि दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात हे आलेखावर दाखवायचं. प्रवाह मोजणारा ॲमीटर कधीही थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावू नका, हे मी वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत आलेय. आणि मीच तो तसा लावला. काटा सपकन टोकाला आपटला, जळका वास सुटला, मुलांनी टाळ्या पिटल्या. त्यांना वाटलं, बाईंनी मुद्दाम करून दाखवलं. मीही तसंच म्हणून वेळ मारून नेली. घरी ह्यांनी तर सगळं हसण्यावारी नेलं. लग्नाआधीपासूनची वेंधळी म्हणे मी.

काल तास संपल्यावर दार लावून, दुसरा ॲमीटर घेऊन एकटीच तो प्रयोग मांडायला बसले. फळ्यावर आकृती होती, माझ्याच हातची. शेवटची तार उचलली आणि ती कुठे जोडायची तेच कळेना. छोटे, समोर सगळं दिसत होतं गं, पण कशाचा काही अर्थच लागत नव्हता. तिथेच स्टुलावर बसून ढसाढसा रडले. थोड्या वेळाने हात आपोआप चालले, आकडेही अचूक आले. त्यामुळे तर जास्तच धास्ती बसली. जे येतं ते पुन्हा कधी जाईल, याचा भरवसाच नाही.

आई आजारी पडली तेव्हा मी वसतिगृहात होते. सुट्टीत आले तेव्हा ती मला वहिनी म्हणायला लागली होती. त्याआधीचं सगळं तू एकटीनं पाहिलंस. आपण दोघी त्यावर कधी बोललोच नाही.

आता तेवढंच विचारायला हे लिहितेय. आईचं पहिल्यांदा काय चुकलं होतं? शिलाई मशीनमध्ये दोरा ओवता ओवता तिचे हात असेच थांबले होते का? तेव्हा ती माझ्याच वयाची होती ना? डॉक्टरकडे जाईन, पण आधी तुझ्याकडून ऐकायचंय. मला धीर देऊ नकोस, माझी समजूत काढू नकोस, जे घडलं ते लिही. लेक अजून शाळेत जाते गं. सकाळी तिची वेणी घालताना हात मध्येच थांबतील की काय, म्हणून पेड मोजत राहते. लवकर लिही. फोनवर मात्र सांगू नकोस, फोनवरचं हल्ली माझ्या लक्षात राहत नाही.

तुझीच,
ताई